व्यायामयंत्राची निवड आणि मनुष्याचा संकल्प

बाजारातून एखादी वस्तू आणली आणि तिचे दाम चुकते केले की तो व्यवहार तेथेच संपला, असे मानण्याचा आपला सर्वसाधारण प्रघात आहे. धान्य, छत्री, चुलीवरचे भांडे यांच्या बाबतीत तो प्रघात योग्यही आहे. परंतु काही वस्तू अशा असतात की त्या विकत घेताना मनुष्य स्वतःविषयीचे एक भाकीतही पदरात बांधून घेत असतो. ग्रंथ घेणारा आपण तो वाचणार असे भाकीत करतो. मुलीसाठी तंबोरा आणणारा ती रियाज करील असे गृहीत धरतो. हृदयाला आणि श्वासाला श्रम देणारे यंत्र घरी आणणारा गृहस्थ तर या सर्वांहून धाडसी भाकीत करीत असतो. उद्या पहाटे, पुढील मासी, आणि वर्ष उलटल्यावरही आपण या यंत्रावर घाम गाळू, असे तो सर्व कुटुंबासमक्ष जाहीर करतो. न दळलेले धान्य धान्यच राहते. परंतु न वापरलेले व्यायामयंत्र म्हणजे ओले टॉवेल वाळत घालण्याची एक अत्यंत महाग दांडी होय. असल्या दांड्या आज अनेक सुशिक्षित घरांत उभ्या आहेत, हे सांगावयास नकोच.

म्हणून ट्रेडमिल घ्यावी, की स्थिर सायकल, की क्रॉस ट्रेनर, की वल्हविण्याचे रोइंग मशीन, हा जो प्रश्न दुकानात विचारला जातो, त्याचे पुरते उत्तर दुकानात मिळणे शक्य नाही. दुकानदार यंत्राचे गुण सांगेल. घेणाऱ्याच्या स्वभावाचे गुणदोष तो कोठून सांगणार? दिसावयास हा प्रश्न किरकोळ खरेदीचा. पण त्याच्या पोटात नीतिशास्त्रातील एक जुना व बिकट प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ही गरज खरी की कल्पित, ते पाहू. १९५३ साली जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्या शहराच्या दुमजली बसगाड्यांवर त्या काळी दोन प्रकारचे नोकर असत: दिवसभर आसनावर बसून गाडी हाकणारा चालक, आणि तिकिटे देत खालीवर फिरणारा वाहक. वाहकाला कामाच्या दिवशी पाचशेपासून साडेसातशेपर्यंत पायऱ्या चढाव्या लागत. दोघांची नोकरी एक, गाडी एक, धूर व धुकेही एकच. तरीही हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत कमी आढळले, आणि ज्या वाहकांना तो जडला त्यांच्यातही तो तुलनेने सौम्य होता. १९५६ साली याच संशोधकांनी त्या नोकरांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर वाहकांहून अधिक असल्याचे दिसले. याचा अर्थ असा की, दोहोंतील काही भेद कामामुळे उत्पन्न न होता मूळच्याच देहयष्टीतला असणे संभवनीय होते. स्वतःच्याच सिद्धांतावर शंका घेण्याचा हा प्रामाणिकपणा स्मरणात ठेवण्याजोगा आहे. पुढील अनेक दशकांच्या संशोधनाने मात्र मूळ निष्कर्षाला बळकटीच आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, अथवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम करावा. चालता चालता बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम श्रम; आणि दोनचार शब्दांनंतर श्वास घेण्यासाठी थांबावेच लागते, तो जोरकस, अशी याची सोपी कसोटी आहे. आपल्याकडे महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड व चंडीगढ येथे झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के, लोक शारीरिक दृष्ट्या निष्क्रिय आढळले. त्यातच दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकार इतरांच्या मानाने कमी वयात गाठतो, हेही आता सर्वमान्य आहे. ज्याच्या मिळकतीवर व मायेवर चार माणसे अवलंबून आहेत, त्याने आपल्या हृदयाची काळजी घेणे ही केवळ स्वतःची हौस नव्हे. तात्पर्य, गरज खरी आहे.

गरज मान्य करूनही या यंत्रांना नाक मुरडणारा एक पक्ष आपल्यात आहे. त्याचा आक्षेप असा: रहाट ओढला तर पाणी येते, जाते ओढले तर पीठ पडते, परंतु ट्रेडमिलवर तासभर चालणारा मनुष्य जेथे होता तेथेच राहतो. घरातील केर, धुणे व पाणी दुसऱ्यांवर सोपवावयाचे, लिफ्टने वर जावयाचे, आणि मग हरवलेले श्रम विजेच्या यंत्राकडून विकत घ्यावयाचे, ही सुखवस्तू माणसाची शोभाहीन चैन होय. आमच्या आज्यांना असल्या यंत्रांची गरज भासली नाही, असेही हा पक्ष अभिमानाने सांगतो.

या आक्षेपात एक सत्यांश आहे आणि एक मोठा प्रमाद आहे. सत्यांश असा की, जो गृहस्थ ट्रेडमिलवरून उतरताच पाण्याचा पेला आणण्यासाठी मोलकरणीला हाक मारतो, त्याने व्यायाम केला असला तरी श्रमाची प्रतिष्ठा तो शिकलेला नाही. प्रमाद असा की, श्रमातून काहीतरी निपजले म्हणजे तो श्रम उदात्त, आणि काही निपजले नाही म्हणजे तो हीन, असे येथे धरून चालले आहे. हे गृहीत कितपत टिकते, याची साक्ष ट्रेडमिलचाच इतिहास देतो.

ट्रेडमिल हा शब्द व्यायामशाळेतून आलेला नसून तुरुंगातून आलेला आहे. १८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्रज स्थापत्यविशारदाने बंदीवानांना कामाला जुंपण्यासाठी एक प्रचंड आडवे चक्र योजिले. त्याच्या परिघावर पायऱ्या असत. वरच्या दांडीला धरून कैद्यांनी ओळीने पाय टाकीत राहावयाचे, आणि पायाखालची पायरी सतत खाली जावयाची. कधीही न संपणारा असा तो जिना होता. काही तुरुंगांत या चक्रावर धान्य दळले जाई किंवा पाणी उपसले जाई. परंतु पुष्कळ ठिकाणी ते केवळ वारा कापीत फिरे. १८९५ साली शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्ड या साहित्यिकालाही पेंटनव्हिलच्या तुरुंगात या चक्रावर चढावे लागले. अखेर १८९८ च्या कायद्याने इंग्लंडातून ही शिक्षा हद्दपार झाली.

आता याच्या शेजारी अंदमानातील कोलू ठेवून पाहावा. सावरकरांनी 'माझी जन्मठेप' या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाकाठी तीस पौंड तेल गाळण्याचे ते काम होते. कोलूतून तेल निघत असे, म्हणून त्या श्रमाला कोणी उदात्त म्हणेल काय? इंग्लंडातील चक्र वारा कापी, अंदमानातील कोलू तेल गाळी. यातना दोहोंकडे सारखीच. याउलट पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढून उतरणारा पुणेकर काहीही निर्माण करीत नाही, आणि तरी प्रसन्न चित्ताने घरी येतो. यावरून असे दिसते की, श्रमाचे फळ हाती पडते की नाही यावर त्याची प्रतिष्ठा अवलंबून नाही. करणाऱ्याची इच्छा त्यात आहे की नाही, हीच त्याची खरी कसोटी आहे.

आज्यांच्या जात्याचेही असेच. पहाटेच्या ओव्यांचे माधुर्य कोणी नाकारीत नाही. परंतु आपणास दळावयाचे आहे की नाही, असा प्रश्न त्या माउलीला कोणी कधी विचारला होता काय? तिचे बाहू बळकट होते, हे तिच्या नातवाने गौरवाने सांगावे आणि तिची पाठ दुखत असे हे विसरून जावे, हा न्याय नव्हे. जे श्रम आपण स्वतः केले नाहीत त्यांचे स्तोत्र गाणे फार सोपे असते. पिठाच्या गिरणीने स्त्रीच्या दिवसातील जो वेळ मोकळा केला तो तिचा हक्क होता. आणि त्या मोकळ्या वेळातील अर्धा तास तिने आपण होऊन सायकलच्या यंत्रावर घालविला, तर त्यात उपहासास्पद काहीच नाही. जात्यावर ती दुसऱ्यांसाठी बसत होती. येथे ती प्रथमच स्वतःसाठी बसत आहे.

घरगुती ट्रेडमिलचा उगमही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९६८ साली केनेथ कूपर या अमेरिकन वैद्याचे 'एरोबिक्स' हे पुस्तक निघाले. नियमित व दीर्घ श्वासश्रमाने हृदयाचे आरोग्य राखता येते, हे त्याने सामान्य वाचकांना पटवून दिले. ते वाचून विल्यम स्टॉब नावाच्या यंत्रविशारदाला वाटले की, हवा कशीही असली तरी सामान्य माणसाला घरच्या घरी धावता आले पाहिजे. आणि त्याने घरात ठेवण्याजोगे साधे ट्रेडमिल यंत्र तयार केले. ज्या नावाने एके काळी कैदी कापत, त्याच नावाची वस्तू लोक आता आपल्या खुशीने हप्त्याहप्त्याने विकत घेतात. पाय तसेच उचलले जातात, अंतर तसेच शून्य राहते; पालटली आहे ती केवळ करणाऱ्याची इच्छा.

येथपर्यंत यंत्राचा पक्ष निर्दोष दिसतो. परंतु ज्या इच्छेच्या बळावर आपण त्याची मुक्तता केली, तीच इच्छा आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी करणे प्राप्त आहे. यंत्र घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्यांच्या मनातील हेतू विचारला, तर ते प्रांजळपणे सांगतील: 'आमच्याने नेमाने चालणे होत नाही. एकदा पन्नास हजार रुपये घातले, म्हणजे झक्कत चालावे लागेल.' हे वाक्य नीट तपासून पाहावे. यात इच्छा यंत्रावर चालण्याची नाही. आपणास कोणीतरी चालावयास लावावे अशी आहे. क्युबिटच्या चक्रापाशी तुरुंगाचा शिपाई उभा असे; येथे आपण दाम देऊन त्या शिपायाला घरी बोलावीत आहोत.

कळते पण वळत नाही, या आपल्या चार शब्दांत मनुष्यस्वभावाची जी व्यथा सामावली आहे, तिच्यावर जगातील थोर बुद्धिवंतांनी डोके शिणविले आहे. प्लेटोच्या 'प्रोटॅगोरस' या संवादात सॉक्रेटिस असे प्रतिपादतो की, खरोखर कळले असेल तर वळलेच पाहिजे. वळत नाही त्याअर्थी कळलेच नाही. ॲरिस्टॉटलला हे रुचले नाही. 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या सातव्या प्रकरणात त्याने अशा दुर्बल संकल्पाच्या माणसाचे स्वतंत्र विवेचन केले आहे. आपल्या परंपरेनेही धर्म जाणूनही त्याकडे प्रवृत्ती होत नसल्याची कबुली दुर्योधनाच्या मुखी घातली आहे. ही कबुली खलपुरुषाच्या तोंडी असली, तरी पहाटे पाचाचा गजर बंद करून कूस पालटणाऱ्या प्रत्येक सज्जनाला ती आपलीशी वाटेल.

द्रव्य घातल्याने ही व्यथा बरी होते काय? याचे उत्तर तर्काने देण्याची आवश्यकता राहिलेली नाही. स्टेफानो डेलाविन्या व उल्रिके मालमेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन व्यायामगृहांच्या ७,७५२ सभासदांची हजेरी तपासून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांनी महिन्याला सत्तर डॉलरांहून अधिक ठोक वर्गणी भरली होती, ते महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत असत. म्हणजे एका खेपेस त्यांना सतरा डॉलरांहून अधिक खर्च पडे. दहा खेपांचे तिकीट घेतले असते तर तीच खेप दहा डॉलरांत झाली असती. हे लोक हिशेबात कच्चे होते असे नव्हे. हिशेब त्यांनी बरोबर केला होता. मात्र तो स्वतःचा न करता, आपण जे व्हावे असे त्यांना वाटत होते त्या काल्पनिक सत्पुरुषाचा केला होता. वर्गणी सत्पुरुषाच्या नावाने भरली गेली, आणि हजेरीपत्रकावर मात्र नेहमीचाच मनुष्य येत राहिला.

यापेक्षाही सूक्ष्म असा एक धोका आहे. संकल्प करताना मनाला जो उत्साह वाटतो, तो पुष्कळदा कृतीच्या समाधानातील आगाऊ उचल असतो. यंत्र घरी आले, शेजारीपाजारी पाहून गेले, मुलांनी त्यावर उड्या मारून पाहिल्या, आणि घरधन्यास आपण आरोग्यासाठी काहीतरी केले असे वाटून गेले. करावयाचे अजून सर्वच बाकी असते. परंतु मनाने आपला मेहनताना उचललेला असल्यामुळे त्याला पुढे काम करण्याची निकड उरत नाही. आपल्या जुन्या माणसांनी ज्याला आरंभशूरपणा म्हटले, त्याचे मूळ आम्हांस येथे दिसते.

मग स्वतःला बांधून घेणे सर्वथैव निंद्यच मानावयाचे काय? तसेही नाही. टॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने मनुष्य आपल्याच पुढील दुर्बलतेविरुद्ध आज कशी तजवीज करून ठेवतो, याचा मार्मिक विचार केला आहे. गजराचे घड्याळ हाताशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवणारा मनुष्य असेच करीत असतो. आपले नेम व व्रते हीही याच जातीची होत. चार माणसांसमक्ष घेतलेला नेम मोडताना मनुष्य दहा वेळा विचार करतो. परंतु अशा तजविजींत दोन भेद करणे अवश्य आहे. एक तजवीज वाट मोकळी करते, दुसरी वाट चुकणाऱ्याला दंड करते. पहिलीने सत्प्रवृत्तीला अवसर मिळतो. दुसरीने फक्त भीती उत्पन्न होते, आणि भीतीला मन लवकरच सरावते. पन्नास हजार वाया गेल्याची टोचणी पहिल्या महिन्यात जेवढी असते तेवढी सहाव्या महिन्यात राहत नाही. पुढे तर यंत्राकडे न पाहण्याची सवयच लागते.

या भेदावरून आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर निघते. आपण व व्यायाम यांच्यामध्ये जो अडथळा आहे तो बाहेरचा आहे की आतला, हे प्रत्येकाने प्रथम शोधावे. अडथळा बाहेरचा असेल, तर यंत्र तो खरोखर दूर करते, आणि त्यासाठी खर्चिलेला पैसा सत्कारणी लागतो. अडथळा आतला असेल, तर यंत्र त्याला फक्त दिवाणखान्यात आणून उभे करते.

बाहेरचे अडथळे क्षुल्लक नसतात. कोकणात व मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस पहाटेचे फिरणे अशक्य करून सोडतो. पदपथ नसलेले रस्ते, भरधाव वाहने, भटकी कुत्री व धूर यांनी म्हाताऱ्या माणसांना घरात कोंडले आहे. ज्या मातेला तान्ह्या मुलाला टाकून बाहेर पडता येत नाही, जी स्त्री नोकरीहून परतल्यावर काळोखात एकटी फिरावयास धजत नाही, जिला स्थूलपणामुळे रस्त्यावरच्या नजरा व शेरे नकोसे होतात, तिच्या बाबतीत घरातील यंत्र हे एक लहानसे स्वातंत्र्य आहे. असे यंत्र मागणाऱ्या पत्नीला 'सूर्यनमस्कार घाल, फुकट आहेत' असे सांगणाऱ्या पतीने, रात्री आठ वाजता जेवणापूर्वी फेरफटका मारण्याची मोकळीक आपणास आहे व तिला नाही, हे ध्यानात घ्यावे.

अडथळा ओळखला म्हणजे यंत्राची निवडही पुष्कळ सोपी होते. ज्याला चालण्याची आवड आहे परंतु रस्ता नाही, त्याने ट्रेडमिल घ्यावी. चालणे शिकावे लागत नाही, आणि त्यात देहाचा भार हाडांवर पडत असल्याने त्यांनाही लाभ होतो. मात्र हे यंत्र बहुधा सर्वांत अधिक जागा, वीज व देखभाल मागते. ज्याचे गुडघे भार सोशीत नाहीत, त्याने सायकल पाहावी. तीवर शरीराचा भार आसनावर राहतो, आवाज थोडा होतो, आणि पाठीला टेकू असलेल्या सायकलवर वृद्धांनाही निर्धास्त बसता येते. क्रॉस ट्रेनरवर पावले पायटावरून उचलली जात नाहीत, त्यामुळे सांध्यांना हिसका बसत नाही व हातांनाही काम मिळते. परंतु ती गती सर्वांच्या अंगवळणी पडतेच असे नाही. रोइंग मशीन पाय, पाठ व बाहू या तिघांनाही एकाच वेळी कामाला लावते. मात्र त्याची रीत शिकून घ्यावी लागते, नाहीतर कंबर धरते. ज्यांना हृदयाचा विकार आहे किंवा त्याची शंका आहे, त्यांनी यांपैकी कशावरही पाय ठेवण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा. यांतील सर्वश्रेष्ठ यंत्र कोणते, असे विचारण्यात अर्थ नाही. ज्यावर आपण पुढल्या वर्षीही असू ते आपल्यापुरते श्रेष्ठ. आणि ते ओळखण्यासाठी आपण कोण आहोत हे ठाऊक असावे लागते, आपण कोण व्हावे हे नव्हे. एकान्ताचा कंटाळा येणाऱ्या माणसाला चार मित्रांसह टेकडीवर जाणे हेच औषध आहे. त्याला खोलीत कोंडून यंत्रावर बसविले तर तो आठवड्यात पळ काढील. जो अंतर्मुख आहे, ज्याला वाचताना वा गाणे ऐकताना पाय हलवीत राहणे आवडते, त्याला सायकल जन्मभर पुरेल.

येथे यंत्रावरील आकड्यांविषयीही सावध राहावे. किती उष्मांक जळले याचा जो आकडा यंत्र दाखविते, तो ढोबळ अंदाज असतो. त्या आकड्याच्या भरवशावर रात्री दोन गुलाबजाम अधिक घेणारा मनुष्य यंत्राच्या नव्हे, आपल्याच वकिलीच्या जाळ्यात सापडतो.

निवडीत आणखी एक विचार असला पाहिजे, आणि तो माहितीपत्रकात सापडत नाही. यंत्र आपले असले तरी जमीन सर्वस्वी आपली नसते. आपली फरशी हे कोणाचे तरी छत असते. पहाटे पाच वाजता वरच्या मजल्यावर धावणारा मनुष्य आपले हृदय सुधारीत असेल, पण खालच्या आजारी म्हाताऱ्याची झोप मोडीत असतो. दोन खोल्यांच्या घरात यंत्र ज्या कोपऱ्यात येते तो कोपरा रिकामा नसतो. तेथे मुलाचे अभ्यासाचे मेज असते किंवा आजीची खाट असते. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे तर अधिकच जपावे. २०२१ साली अमेरिकेत एका बालकाच्या मृत्यूनंतर एका प्रकारच्या सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत घेण्याची पाळी आली; मुले व पाळीव प्राणी फिरत्या पट्ट्याखाली ओढली गेल्याच्या अनेक तक्रारी तत्पूर्वीच नोंदल्या गेल्या होत्या. यंत्राची किल्ली काढून ठेवणे हा त्या व्यायामाचाच एक भाग मानला पाहिजे. आपले आरोग्य दुसऱ्याच्या झोपेतून, जागेतून किंवा जिवातून वसूल करण्याचा अधिकार कोणासही नाही.

राहता राहिला आतल्या अडथळ्याचा प्रश्न. त्यावर औषध यंत्राआधीचे आहे, आणि त्याला दाम पडत नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला, त्यांना एका सतरंजीपलीकडे साहित्य लागत नाही. ज्याला यंत्र घ्यावेसे वाटते त्याने ती रक्कम बाजूला काढून ठेवावी, आणि जी वेळ यंत्रासाठी मनात योजिली असेल त्याच वेळी, पुरता एक महिना, घरच्या घरी अर्धा तास नमस्कार घालावे, जिना चढावा, नाहीतर गच्चीवर भरभर चालावे. गुडघे दुखत असतील त्याने वैद्याला विचारून बसल्या बसल्या करण्याजोगे हातपायांचे व्यायाम करावे. महिनाअखेर तीसपैकी वीस दिवस जरी ही वेळ पाळली गेली, तरी त्या माणसाच्या दिवसात व्यायामाला घर मिळाले असे समजावे. मग त्याने खुशाल यंत्र आणावे. ते त्या वेळेत येऊन बसेल. पाच दिवसही पाळली गेली नाही, तर रक्कम शिल्लक राहिली, आणि स्वतःविषयी एक खरी गोष्ट कळली. हा दुसरा लाभही लहान नाही. त्या कळण्यापासूनच पुढे वळण्याचा आरंभ होण्याची आशा असते. महागड्या यंत्राआड ते झाकून ठेवले तर तीही उरत नाही.

एवढ्याने कोणी असे समजू नये की, ज्यांची इच्छा दुर्बल आहे त्यांना आम्ही हिणवीत आहो. इच्छा ही स्नायूप्रमाणे थोड्याथोड्या श्रमाने वाढत असावी, असाच आपल्या वडीलधाऱ्यांचा नेमधर्मामागील अनुभव दिसतो. लहान नेम पाळता पाळता मोठा नेम पेलतो. पहिल्याच दिवशी मोठा नेम खांद्यावर घेणारा तो टाकून देतो, आणि त्यावर लाजेचे ओझे मात्र वाहत राहतो. म्हणून दहा मिनिटांचा खरा व्यायाम तासाभराच्या काल्पनिक व्यायामाहून सर्व दृष्टींनी श्रेयस्कर आहे. मग तो यंत्रावर होवो, जिन्यावर होवो, की सतरंजीवर होवो. यंत्र पायांना वेग देईल, छातीचे ठोके मोजील, पावसाळ्यात कोरडी वाट देईल. पहाटे अंथरुणातून उठण्याचे तेवढे एक काम ते आपल्याकडेच ठेवते, आणि ते काम ज्याने स्वतः केले त्यालाच पुढील सर्व श्रम शिक्षेसारखे न वाटता आपलेसे वाटतात.